बोकडाचा झेंडा

झेंडे शिवणाऱ्या दुकानात चिंध्या साचतात तसे किस्सेही साचतात. चिंध्या दर गुरुवारी झाडून टाकतो. किस्से कुठे टाकणार?

आमचं दुकान रियाधमध्ये. संगमेश्वरचा प्रसाददादा कॉम्प्युटरवर डिझाइन करतो. मी आठवीत शाळा सोडलेला, शिलाई मशीनवर. खरं सांगतो, मी त्याच्यावर जळतो. तो दोन महिने गावी जाणार होता आणि मला त्याची खुर्ची हवी होती!

*

एकदा क्लाउस नावाचे जर्मन इंजिनियर आले. त्यांना त्यांच्या गावाचा झेंडा हवा होता. वर हिरवा, खाली पांढरा, मधे ढाल आणि ढालीवर उभा बोकड!

"गावात माणसं किती?" प्रसाददादाने विचारलं.

"सहाशे."

सहाशे माणसांना स्वतःचा झेंडा! माझ्या गावात चार हजार माणसं आणि फाट्यावरच्या पाटीवर गावाचं नावसुद्धा चुकलेलं. माझं तोंड बघून प्रसाददादा म्हणाला, "आता जर्मनीवर पण जळतोस होय रे?"

*

मॅनेजर रफीकभाई हैदराबादचे. "ये कौनसे मुल्क का झंडा है?"

"मुल्क नहीं भाई, गाँव है."

"गाँव? तो वीज़ा सरपंच देता क्या?"

*

डिझाइन झालं. जो येईल तो म्हणे, "वा प्रसाद, क्या बकरा बनाया!"

बोकडाची दाढी मी सुचवली होती. मनातल्या मनात!

*

"बोकडाचं तोंड काठीकडे हवं," क्लाउस साहेबांनी बजावलं होतं. पण सौदीच्या झेंड्याची काठी उजवीकडे असते. सवयीने प्रसाददादाने काठी ओवायच्या नेफ्याची खूण उजवीकडेच केली. बोकड बघतोय डावीकडे! शिवताना मला ते दिसलं. म्हटलं, बसू देत एकदा यालाही बोलणी. शिवून टाकलं.

क्लाउस साहेबांनी झेंडा उलगडला. "अरे, हा तर काठी सोडून पळतोय!"

रफीकभाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात साहेब खो खो हसायला लागले. "शेजारच्या गावाच्या झेंड्यावरही हेच रंग आणि बोकडच आहे. माझा बॉस तिथला. तुमचा बोकड पळपुटा, असं मी त्याला कायम चिडवतो. हा त्याच्या केबिनमध्ये लावतो, मला दुसरा करून द्या! पण आयडिया कोणाची?"

प्रसाददादाने माझ्याकडे बोट केलं. "याची. शिवताना याला दिसलंच असणार. पण तोंडातून एक शब्द काढला नाही!"

"छुपा रुस्तम!" रफीकभाईंनी माझी पाठ थोपटली. "प्रसाद की कुर्सी पे अब यही बैठेगा!"

प्रसाददादा उठला. खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाला, "बस. आता तरी बोल काहीतरी!"