अक्षताच्या पर्सवरचा डाग

मथुराबाईंनी पर्स खिडकीपाशी उजेडात धरली. लेक अक्षता आदल्या दिवशी सकाळी मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत येऊन थडकली होती; सोबत फक्त ही फिकट तपकिरी चामड्याची पर्स. आल्या आल्या मोरीत शिरून तिनं स्वतःच ड्रेस धुतला, आईचा लांब बाह्यांचा गाऊन चढवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मथुराबाईंना रिकाम्या हातांनी बसणं जमेना. पर्सवर मोठा तेलकट डाग होता; त्यांनी ती साफ करायला घेतली.

उभा जन्म त्यांनी डागच काढले होते. नवरा तुळशीदास गिरणीत होते तेव्हा त्यांच्या कपड्यांवरचं वंगण, गिरणी बंद पडल्यावर केटररच्या टेबलक्लॉथवरचं तेल. पण चामडं घासून चालत नाही. त्यांनी आधी कोरड्या फडक्यानं टिपलं, मग डागावर टाल्कम पावडर दाबून ठेवली. दुपारपर्यंत पावडरीनं तेल ओढून घेतलं. मग पाण्यात दोन थेंब शाम्पू घालून नुसता फेस मऊ फडक्यानं फिरवला. काळपट कड विरली आणि खालून पिवळं वर आलं. हळद.

ओघळ पट्ट्यावरून खाली आले होते. पट्ट्याच्या बकलात कढीपत्त्याचं पान अडकून वाळलं होतं. ताटातून सांडलेली आमटी एवढ्या वर चढत नाही.

"पर्स खांद्याला होती गो तुझ्या?"

"हं."

"मग?"

"सुबोधनं टोप फेकला. डाळ खारट झाली म्हणून. मी ऑफिसला निघाले होते. राहू दे ना आई. नाही जायचा तो डाग."

मथुराबाईंनी तिची बाही वर सारली. खांद्यापासून कोपरापर्यंत फोड आले होते. याआधी दोनदा अक्षता अशीच आली होती. दोन्ही वेळा त्यांनीच समजूत काढून, डब्यात लाडू भरून तिला परत पाठवलं होतं. काय झालं ते विचारलंही नव्हतं.

दवाखान्यातून दोघी परतल्या तेव्हा तुळशीदास म्हणाले, "जावयाक फोन केलंय. येता तो."

सुबोध पेढे घेऊन आला. शर्टाला कडक इस्त्री. "राग येतो हो कधी कधी, आई. चल अक्षता."

अक्षता मुकाट्यानं उठली आणि पायानं चपला चाचपू लागली. ते बघून मथुराबाई मध्ये आल्या.

"ती येणार नाही."

"हा आमच्या दोघांचा प्रश्न आहे."

जावयाला त्यांनी आजवर अहोजाहो केलं होतं. "हात बघितलास तिचा? नीघ तू."

तो गेला. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. तुळशीदास न जेवता झोपले. त्या दिवसापासून ते बायकोशी बोलेनासे झाले.

फोड सुकल्यावर अक्षता पुन्हा ऑफिसला जाऊ लागली. घरी आली की दोन घास खाते, पाठ करून पडते. अधूनमधून तिचा फोन वाजतो. मग ती गॅलरीत जाऊन दार ओढून घेते, हळू आवाजात बराच वेळ बोलते. मथुराबाई गॅस बारीक करून कान देतात. शब्द कळत नाहीत; फोन सुबोधचा आहे का, तेही नाही.