डाव्या बोल्टची रायफल

आमच्या क्लबच्या कपाटात एक रायफल आहे, तिला सगळे ‘तिरपी’ म्हणतात. नवीन मेंबर आला की त्याला ती दाखवायची आता पद्धतच पडली आहे. कोणीतरी ती बाहेर काढतं, नळीपासून डावीकडे लांब बसवलेले, नेम धरायचे तिचे दोन्ही साइट दाखवतं, दस्त्यात गालासाठी कोरलेला खोलगट भाग दाखवतं आणि माझ्याकडे बोट करून म्हणतं, “सरांचं डिझाईन.” नवीन माणूस आदराने बघतो. मला तिथून उठून जावंसं वाटतं.

पन्नाशीत लोक योगा करतात, मी नेमबाजी धरली. पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्याला आमची रेंज आहे. गारखेड्यातून गाडीवर तिथे पोचेपर्यंत अर्धा उत्साह धुळीत जातो, पण एकदा मॅटवर पालथं पडलं की जगाशी संबंध तुटतो. बायको म्हणाली, “बरंय, मोबाईल सोडून कशाकडे तरी एकटक बघाल.” सुरुवातीला हवेच्या रायफलवर शिकलो. मग आमच्या कोच मॅडमनी मला पॉइंट टू टू, म्हणजे खऱ्या गोळीच्या रायफलवर बढती दिली. पन्नास मीटर, पालथं झोपून. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मला ‘काका’ म्हणतात आणि शाळकरी पोरासारखं रागावतात.

क्लबकडे त्या वर्गातल्या दोन परदेशी रायफली होत्या. लायसन्स क्लबचं, त्यामुळे रायफल रेंजच्या बाहेर जात नाही, पण नियमित मेंबरला एक निवडून आपल्या मापाची करून घेता येते. दोन्ही बोल्टवाल्या. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा वर उचलून मागे ओढायचा, छोटंसं काडतूस आत सरकवायचं, आणि बोल्ट पुढे ढकलून दांडा खाली पाडायचा. एकीचा बोल्ट उजवीकडे. ती बऱ्याच जणांच्या हाताखालून गेलेली, दस्त्याचं पॉलिश उडालेलं. दुसरीचा बोल्ट डावीकडे. क्लबात डावरं कोणी नव्हतं, म्हणून ती जवळपास कोरी पडून होती. चाप असा की बोट टेकलं की सुटावा, आणि नळी आतून आरशासारखी.

मी उजवी निवडली. ही साधी गोष्ट वाटेल, पण ती साधी नव्हती.

नेमबाजीत आधी डोळा बघतात. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायची, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो मालक डोळा. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं तेव्हा मी ‘उजवा’ म्हणून मोकळा झालो. डावा मिटल्यावर घड्याळ गायब झालं होतं, हे सांगितलं नाही. हवेच्या रायफलवर चष्म्याच्या डाव्या काचेसमोर पट्टी लावून कसंबसं निभावलं. पण पन्नास मीटरवर काही लपत नाही. माझी भोकं टार्गेटवर मूठभर ज्वारी फेकल्यासारखी पडायला लागली.

मग एक दिवस मॅडम माझ्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ती खिडकी करा आणि माझ्याकडे बघा.” मी बघितलं. त्यांना खिडकीतून माझा कुठला डोळा दिसतो हे त्या तपासत होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

“काका, तुम्ही डाव्या डोळ्यानं बघताय.”

“असेल.”

“असेल काय? ती डाव्या बोल्टची घ्या आणि डाव्या खांद्यावर या. महिन्याभरात सुधाराल. लिहिता कुठल्या हातानं?”

“उजव्या,” मी म्हणालो. आणि हे खरं होतं. खरं करून घेतलेलं होतं.

मी जन्माने डावरा. आमचं घर भिक्षुकांचं. वडील सरकारी कचेरीत कारकून होते, पण सकाळची पूजा, सुटीच्या दिवशी कोणाकडे सत्यनारायण, हे त्यांनी कधी सोडलं नाही. मी डाव्या हाताने घास घेतला की ते ओरडत नसत, मारतही नसत. ते फक्त जेवायचं थांबत. हात ताटाच्या कडेला टेकवून शांत बसत. ते थांबले की आई थांबायची, बहीण थांबायची, कोणी पाहुणा असेल तर तोही थांबायचा. सगळी पंगत माझ्या डाव्या हाताकडे बघत बसलेली. मी हात बदलला की सगळे काहीच न झाल्यासारखे जेवायला लागत. मारलं असतं तर निदान राग तरी आला असता. मला फक्त लाज वाटायची, आणि ती इतकी मुरली की पुढे मला आपण डावरे होतो याचाही विसर पडला. माझ्या बायकोलाही हे माहीत नव्हतं.

आता वडील ऐंशीच्या पुढचे, घरातून बाहेरही पडत नव्हते. रेंजवर येऊन मी कुठल्या खांद्यावर रायफल धरतो हे ते बघणार नव्हते. तरी मला चारचौघांत डावीकडून झोपणं जमेना. कोणी विचारलं असतं तर मी कारणं सांगितली असती. सांगितलीही. मॅडमना म्हणालो, “इतक्या वर्षांची उजव्या हाताची सवय आहे. खांदा उजवाच ठेवू, साइट डावीकडे सरकवू. मी करतो डिझाईन.”

वाळूजच्या एका कंपनीत मी प्लॅस्टिकच्या साच्यांची डिझाईनं करतो. अडचणीचा भाग वाकडा करून बसवणं हेच माझं पोट भरायचं काम. दोन ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट काढले, साहेबांना विचारून आमच्याच टूलरूममध्ये करून घेतले, आणि दोन्ही साइट डाव्या डोळ्यासमोर येतील असे नळीच्या बाजूला बाहेर आणले. स्पर्धेच्या नियमात बसतं का तेही बघितलं. बसत होतं, माझं दुर्दैव.

दस्ता कोरायला शहागंजमधले एक वयस्कर कारागीर मॅडमनी रेंजवर बोलावले. ते स्कूटरवर कानस, पटाशी, पॉलिश पेपर घेऊन आले. माझं ड्रॉइंग त्यांनी उलटं-सुलटं करून बघितलं.

“साहब, लकडी तुमच्या मनासारखी काढून देतो. पन इतकी तिरपी कायको?”

मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. मी म्हणालो, “उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय.”

त्यांनी छातीवर हात ठेवला. “अल्ला शिफा देगा, डोळा बरा होईल,” म्हणाले आणि कामाला लागले. मॅडम टार्गेटं बदलायला निघून गेल्या. त्यानंतर ते म्हातारे गृहस्थ जेव्हा जेव्हा रेंजवर आले तेव्हा त्यांनी आधी माझ्या डोळ्याची चौकशी केली. त्यांच्या पाहुण्यांतला एक चांगला डोळ्यांचा डॉक्टर आहे, हेही सांगितलं. मी प्रत्येक वेळी “बरं आहे आता” म्हणायचो आणि उगाच उजवा डोळा चोळायचो.

रायफल तयार झाली. लोक बघायला जमले, कोणी फोटो काढले. मला त्या कौतुकाची गंमतही वाटली, हे कबूल करतो. पण साइट नळीपासून लांब गेले की रायफल जराशी कलली तरी गोळी भलतीकडेच जाते. म्हणून पातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी बसवली. मान वाकडी करून मुंग्या येत होत्या, म्हणून खांद्याला टेकणारी मागची पाटी आणखी बाहेर काढली. तोल गेला, म्हणून पुढे वजन लावलं. एक खोड काढली की दुसरी निघायची आणि मी आणखी एक सुटा भाग बनवायचो. रायफल जड होत गेली आणि भोकं तिथंच राहिली.

“काका, रायफल माणसाच्या मापाची करतात,” मॅडम एकदा म्हणाल्या. “तुम्ही ही कुणाच्या मापाची करताय?”

मी हसलो आणि स्क्रू आवळत बसलो.

अशातच वडिलांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं, आणि उजवा हात गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलाने सांगितलं, “आता जेवण डाव्या हातानं करायचं, आजोबा. चमचा धरा, नाहीतर सरळ हातानं खा.” वडिलांनी मान फिरवली.

आई हयात नव्हती, म्हणून सकाळ-संध्याकाळ माझी बायको त्यांना भरवायची. सुनेच्या हातून घास घेताना ते डोळे मिटून घेत. पण ती शाळेत शिकवते, मी कंपनीत. दुपारी कामाच्या बाई ताट वाढून ठेवत. त्यांच्या हातून भरवून घ्यायला वडील तयार नव्हते आणि स्वतः डावा हात ताटात घालत नव्हते. संध्याकाळी यावं तर ताट तसंच झाकलेलं. भात वाळून कडक झालेला, भाजी सुकलेली. बघता बघता त्यांची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

त्या रात्री मी त्यांच्या पलंगाजवळ बसलो. मोठा समजूतदार झालो होतो.

“बाबा, डाव्या हातानं खाल्लं तर काही होत नाही. देवाला सगळं कळतं. आजारी माणसाला कसलं आलंय शास्त्र?”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग जड जिभेने म्हणाले, “तू खाल्लंस का कधी? मोठा झाल्यावर?”

“नाही.”

“मग मला कसं जमंल?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्याने एक लाज झाकायला अख्खी रायफल वाकडी केली, तो माणूस एका म्हाताऱ्याला लाज सोडायला सांगत होता. मला माझीच किळस आली.

रविवारी रेंजवर गेलो आणि मॅडमकडे डाव्या बोल्टची रायफल मागितली. त्यांनी कपाटातून ती आणि स्क्रूची किल्ली काढली. गालाची पट्टी थोडी वर, मागची पाटी थोडी आत, पट्टा उजव्या दंडाला. किल्ली चार वेळा फिरवली आणि संपलं. डाव्या खांद्याला रायफल लावून पालथा झोपलो, गाल लाकडावर टेकवला, तर साइटचं गोल भोक आपसूक डोळ्यासमोर आलं. मान वाकडी करावी लागली नाही. त्या भोकात काळं टार्गेट स्वच्छ उभं होतं. डावं बोट चापावर ठेवलं आणि ते कधी दाबलं गेलं मला कळलं नाही.

भोकं एकमेकांना चिकटून पडली. मॅडमनी दुर्बिणीतून बघितलं आणि नुसतं “हं” म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण मॅटवर पालथं पडल्या पडल्या मला भरून आलं आणि मी तोंड बाहीत लपवलं. माझं शरीर इतकी वर्षं तयार बसलं होतं, आणि मी त्याच्यावर ब्रॅकेट बसवत होतो. उठलो तर मागे कारागीर चाचा उभे. कुठल्याशा बाकाचा पाय दुरुस्त करायला आले होते.

“साहब, डोळा नीट झाला?”

इथं तरी खरं बोलायला हवं होतं. “हो,” मी म्हणालो. “झाला.”

त्यांनी आभाळाकडे बघून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या खोटेपणाने कोणाला इतका निखळ आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी रजा टाकून घरी आलो. कामाच्या बाई वाढून गेल्या होत्या. वडिलांना उशी लावून बसवलं, त्यांचं ताट पुढच्या छोट्या टेबलावर ठेवलं आणि माझं ताट घेऊन समोर बसलो. वरण-भात कालवला. डाव्या हाताने.

मला वाटलं होतं, रायफलसारखंच होईल, हाताला आठवेल. पण चाप दाबायला बोटाला फारशी अक्कल लागत नाही. घास करायला लागते. माझ्या डाव्या हाताला घास करता येईना. बोटं जुळेनात. भात मुठीत दाबला गेला, वरण मनगटावर ओघळलं, अर्धं शर्टावर सांडलं. दोन वर्षांचं पोर याहून नीट जेवतं. खाली मान घालून मी दुसरा घास घेतला. तोही सांडला.

वर बघितलं तर वडील माझ्या हाताकडे बघत होते.

“चांगला हात होता,” ते म्हणाले. मग, “उजव्यानं जेव. राहू दे.”

“नको बाबा. तुम्ही घ्या.”

त्यांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला, ताटाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला.

“दार लाव,” ते म्हणाले.

“घरात कोणी नाही, बाबा.”

“तरी लाव.”

मी उठलो. डावा हात खरकटा होता म्हणून उजव्या हाताने कडी घातली. मागे वळलो तेव्हा त्यांनी घास तोंडात घातला होता आणि भाताची शितं त्यांच्या हनुवटीवरून खाली पडत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. समोर जाऊन बसलो आणि आम्ही दोघं सांडत सांडत जेवलो. आणि खरं सांगतो, दार लागल्यावर मलाही बरं वाटलं होतं.