वीस पौंडांचा तंगूस

पिंपरीतल्या एका दुकानदाराने मला फसवलं. वीस पौंड छापलेला तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, त्याने मला विकला आणि तो त्याच्या निम्म्या वजनालाही टिकला नाही. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला तापट म्हणायला नको.

निघोज्याला माझा स्प्रिंगा बनवायचा कारखाना आहे. अमेरिकेतला एक म्हातारा कारखानदार आमचं जुनं गिऱ्हाईक. धंदा मुलीच्या हातात दिल्यावर त्याने मला त्याच्या घरामागच्या तळ्यावर बास धरायला बोलावलं. बास हा तिकडचा दांडगट मासा. पाण्यातून पळणाऱ्या नकली माशावर तो झडप घालतो, आणि गळ लागला की बाहेर उसळी मारून डोकं झटकतो. "सामान माझ्याकडे ढीगभर आहे, तू नुसता ये," म्हातारा म्हणाला. मी म्हटलं, माझं सामान मीच आणणार.

टूलरूममध्ये हेल्पर म्हणून लागलो तेव्हा पहिला धडा मिळाला तो हा, की दुसऱ्याच्या व्हर्नियरला, म्हणजे मापं घ्यायच्या हत्याराला, हात लावायचा नाही. ज्याचं हत्यार त्याच्याकडे. त्यातून मी भीमाकाठचा, पोहायच्या आधी गळ टाकायला शिकलेला. व्हिडिओ कॉलवर मी हे सगळं छाती पुढे काढून सांगूनही बसलो होतो. आता त्याच्यासमोर माझी दोरी तुटली, तर म्हाताऱ्याला एकच वाटणार: स्प्रिंगा विकणाऱ्या माणसाला ताण कळत नाही.

म्हणून पिंपरीत जाऊन खरेदी केली. भाव पाडताना मी दोनदा दुकानाच्या पायऱ्या उतरलो आणि दोनदा हाकेवर परत आलो. शेवटी दुकानदार आत गेला, आतून दुसरं रीळ घेऊन आला. "शेठ, खास तुमच्यासाठी आतला माल." मी खूश होऊन निघालो.

पिंपळे गुरवच्या घरी पसारा मांडला. भीमेवरची बांबूची काठी न्यावीशी वाटत होती, पण ती विमानात मावेना. मग दोन तुकड्यांची काठी घेतली. नकली मासे निवडताना रंगावरून मन ठरेना. हिरवा रबरी बेडूक ठेवला, चमकणारे दोन काढले, परत एक आत टाकला. गळ हातातल्या पिशवीत चालत नाहीत, ते मोठ्या बॅगेत टाकायचे, पण कशात घालून? मी मिसळणाचा डबा रिकामा करायला घेतला.

"अहो, मोहरीच्या वाटीत गळ?" बायको ओरडली. "परत आल्यावर फोडणीत मासा शोधू का मी?"

डबा मिळाला नाही. काठी आत घालून न्यायला पीव्हीसीचा पाइप कापायचाच होता, तेव्हा सगळं सामान कारखान्यात नेलं. तिथे डबाही मिळाला असता. टेबलावर ड्रॉइंगं पसरलेली, म्हणून पिशवी गेटजवळच्या मांडणीवर ठेवली. त्या मांडणीभोवती पिवळी पट्टी आहे. बाहेरून आलेला माल तपासून हिरवा टॅग लागेपर्यंत पट्टीबाहेर जात नाही, मग तो कुणाचाही असो. नियम माझाच.

क्वालिटीच्या मॅडम लातूरच्या. पिशवी बघून म्हणाल्या, "सर, ह्या मालाला टॅग न्हाई."

"अहो, माझं मासेमारीचं सामान आहे ते."

"मंग मालकाचा माल तपासायचा न्हाई, असं लिहून द्या."

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हटलं, लावा स्प्रिंगांचा ताण मोजायच्या मशीनवर. त्यांनी तंगूस खुंटीवर वेढे देऊन ताणला, गाठ कुठेच नाही. काटा जरा वर चढला आणि तट्. दुसरा तुकडा, तट्. तिसरा मी स्वतः लावला. तोही गेला. माझं डोकं फिरलं, पण खोटं कशाला सांगू, त्याच वेळी छातीवरचं ओझंही उतरलं. तुटला तो निघोज्यात, माझ्याच माणसांसमोर तुटला. तळ्यावर नाही.

मशीनवरचा आकडा कागदावर लिहून घेतला आणि तसाच दुकानात गेलो.

"शेठ, मासा काय मशीनला बांधून धरणार का?" दुकानदार म्हणाला. "गाठ चुकली असेल."

"गाठच मारली नव्हती, भावा. आकडा वाच."

"एवढा भाव पाडल्यावर आणखी काय मिळणार, राव?"

"नाही परवडलं तर नाही म्हण. भाव पाडणं माझं काम. दहाच्या मालावर वीस छापणं कुणाचं काम आहे?"

त्याने बाहेरच्या फळीवरचं रीळ काढलं. त्याच्याच दुकानात मासे तोलायचा हुकाचा काटा टांगलेला होता. त्याला तंगूस गुंडाळून मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ताणला. काटा वीस पौंडांच्या पुढे गेला, तंगूस तसाच. तेच रीळ घेतलं, कारखान्यात आणून पुन्हा तपासलं, हिरवा टॅग लावला आणि मगच बॅगेत भरलं.

तळ्यावर दुसऱ्या सकाळी बासने बेडूक गिळला. काठी वाकली, मासा उसळला, डोकं झटकलं, रीळ किंचाळलं. तंगूस टिकला. मासा जाळीत आला तेव्हा म्हातारा टाळ्या वाजवत होता आणि मी नावेत मटकन बसलो. किती दिवसांनी असा मोकळा श्वास घेतला असेल.

परत आल्यावर मुद्दाम त्या दुकानात डोकावलो. आतली ती रिळं आता पुढच्या फळीवर होती, वीसच्याच छापाची. विचारलं तर म्हणाला, "वरून तसंच येतं." वरून म्हणजे कुठून? माझ्याकडे मशीन होतं, म्हणून मी वाचलो. ज्याच्याकडे मशीन नाही त्याने काय करायचं? मला पैसे परत नकोत, दुसरं रीळही नको. त्या रिळावर वीसचा आकडा कुणी छापला, त्या माणसाने माझ्यासमोर उभं राहून सांगावं, आणि तो येईपर्यंत दुकानदाराने जबाब द्यावा.