संपवलेला ग्लास

दादा दारात माणसाला 'ये' म्हणण्याआधी त्याचा वास घेत. मान जरा पुढे, नाकपुड्या किंचित फुललेल्या, आणि लगेच निकाल. "दुपारी मेथी. गाडीत कुत्रा. ये." शेजाऱ्यांचा कुत्रा माझ्या गाडीत आदल्या आठवड्यात बसला होता. ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या हॅमिल्टनच्या ज्या डेअरी कंपनीत मी लॅबमध्ये लागलो, तिथे दादा लोण्याचे ग्रेडर होते. लोण्याच्या ठोकळ्यात पोकळ सळई खुपसायची, नाकाखालून न्यायची आणि माल बोटीवर चढणार की नाही ते सांगायचं. यंत्रांचे आकडे काहीही येवोत, शेवटचा शब्द त्या नाकाचा.

माझ्या नात्यातले नव्हेत, मूळचे सांगलीचे, पण त्यांना एका जागी बसलेलं मी पाहिलं नाही. चहासुद्धा फिरत फिरत. घरी गॅरेजमध्ये त्यांचा दुसरा कारखाना होता. तिथे पातेली, काचेचे बुधले आणि नळ्या यांच्यामधून ते सारखे येरझाऱ्या घालत. वहिनी म्हणत, "आमच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे, आणि घरात नवरा सोडून सगळं."

त्या कारखान्यात बेल्जियमची बिअर व्हायची. कंपनीनं त्यांना एकदा लोण्याच्या कामासाठी तिकडे धाडलं होतं. ते परतले ते हे वेड घेऊन. ऑकलंडच्या एका दुकानात तिकडच्या बाटल्या मिळत. वरची बिअर दादा पाहुण्यांना पाजत आणि तळाचा गाळ स्वतःकडे ठेवत. "त्यात यीस्ट जिवंत असतं रे. पाहुण्यांना ताक, आपल्याला विरजण." त्या गाळातून पुढच्या बुधल्यासाठी यीस्ट वाढवायचं, ही त्यांची पद्धत. धने आणि गूळ ओटाहुहूच्या भारतीय दुकानातून यायचे. धने ठेचून संत्र्याच्या सालीबरोबर गव्हाच्या ढगाळ बिअरमध्ये, गूळ करपवून केलेला काकवीसारखा पाक मठातल्या साधूंच्या काळ्या बिअरमध्ये. त्या काळ्या बिअरला मनुका आणि खजुराचा वास यायचा. मी विचारलं, "मनुका किती घातल्या?" दादा खूश. "एकही नाही. ते यीस्टचं काम. आपण फक्त त्याच्या वाटेत यायचं नाही."

एका जुलैत, इथल्या ऐन थंडीत, त्यांनी धान्याचा उकळलेला रस मोठ्या पातेल्यात रात्रभर परसातल्या फिजोआच्या, म्हणजे पेरूच्या जातीच्या, झाडाखाली उघडा ठेवला. हवेतले जंतू आपणहून येतील आणि आंबवतील, मग लाकडी पिपात वर्षानुवर्षं ठेवायचं. ब्रसेल्सच्या बाजूची आंबट बिअर अशीच होते म्हणे. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "दिवसभर जंतू हाकलण्याचा पगार घेता आणि घरी त्यांना आमंत्रण."

"हे पाहुणे वेगळे," दादा म्हणाले.

"मांजर पडलं तर तेही पाहुणंच का?"

त्या गॅरेजचा एक नियम होता. न आवडलेली बिअर प्यायची नाही. काय चुकलंय ते सांगायचं आणि उरलेली फिजोआच्या मुळाशी ओतायची. मी पानात काही न टाकण्याच्या संस्कारातला, त्यामुळे मला पहिल्यांदा हात उचलवेना. दादा फिरता फिरता म्हणाले, "ही पंगत नाही. मी काही तुझी आत्या नाही, रागवायला. ओत." हळूहळू शिकलो. तशीही मला गाडी चालवायची असे, म्हणून चांगली बिअरही मी अर्धी ठेवायचो. ते झाड मात्र दरवर्षी लगडायचं.

आता जे लिहायचं आहे ते दादा असेपर्यंत लिहायचं धाडस झालं नाही. मी फार बोलणारा माणूस नव्हे. न बोलण्याचा मला फायदाच होत आला आहे.

त्या शनिवारी दादांनी सेझाँची बाटली उघडली. ही शेतावरची बिअर, पूर्वी सुगीत राबणाऱ्या गड्यांसाठी करायचे ती. तिचं यीस्ट उबेला सोकावलेलं असतं, म्हणून बुधला वहिनींच्या हॉट वॉटर कपबर्डमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात, धुतलेल्या टॉवेलांशेजारी ठेवला होता. तिला मिऱ्याचा आणि संत्र्याच्या सालीचा वास हवा. मी ग्लास नाकाशी नेला आणि डोळ्यांत पाणी आलं. व्हिनेगर, आणि त्यावर नेलपॉलिश रिमूव्हर. शेंबडं पोरही ओळखेल असं. दादांनी स्वतःचा ग्लास हुंगला, घोट घेतला आणि विचारलं, "कशी आहे?"

ते उभे होते. हलत नव्हते. दादा कधी स्थिर उभे राहत नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"मस्त झालीय दादा. मिरी छान आलीय." आणि मी तो अख्खा ग्लास संपवला.

एवढ्यावर थांबलो असतो तर ती भीड ठरली असती. सोमवारी सकाळी मी मॅनेजरकडे गेलो आणि म्हणालो की ग्रेडरांच्या नाकाची एकदा चाचणी घेतलेली बरी, विशेषतः ज्येष्ठांची. लोण्याची काळजी होती, हे खरं. दादांनंतर ती जागा माझी होती, हेही तेवढंच खरं. चाचणीत तीन कपांतला वेगळ्या वासाचा कप दादांना एकदाही ओळखता आला नाही. निरोपसमारंभात मी भाषण केलं. लोकांना आवडलं.

ते ऑकलंडच्या पलीकडे अल्बनीला मुलीकडे राहायला निघाले तेव्हा सामान भरायला मी गेलो होतो. वहिनी आत भांडी कागदात गुंडाळत होत्या. दादांनी काळ्या बिअरची शेवटची बाटली माझ्या हातात दिली. "ठेव काही वर्षं. मुरू दे." मग खोक्याला चिकटपट्टी लावता लावता म्हणाले, "त्या सेझाँचा ग्लास तू पूर्ण संपवलास. चांगलीही कधी संपवत नाहीस तू. तेव्हाच कळलं मला, नाक गेलं. त्याआधी काही महिने शंका होती, म्हणून तर तुला विचारलं. सोमवारी दुपारी स्वतःच जाऊन सांगणार होतो. तेवढ्यात चाचणीचं बोलावणं आलं. योगायोग."

माझ्याकडे न पाहता ते पुढच्या खोक्याकडे गेले. मी बाटली गाडीत नेऊन ठेवली.

त्यानंतर मला चैन पडेना. लोण्याची सळई नाकाखालून जाताना दर वेळी वाटायचं, कोणीतरी मागे उभं आहे. दोनदा बाटली घेऊन निघालो आणि वाटेतल्या बॉम्बे हिल्सपर्यंत जाऊन परत फिरलो. बायकोला सांगितलं, ट्रॅफिक होता. तिसऱ्या खेपेला पोचलो.

अल्बनीच्या त्या नव्या कोऱ्या घरामागे लाकडी डेक होता आणि दादा त्यावर येरझाऱ्या घालत होते. बारीक झाले होते. दारात मान पुढे आली, सवयीनं, आणि तशीच मागे गेली. निकाल नाही.

मी बसलोही नाही. "दादा, त्या सोमवारी मॅनेजरकडे मी गेलो होतो. चाचणी मीच घ्यायला लावली."

ते चालत राहिले. टोकाला जाऊन वळले.

"खुर्ची हवी होती?"

"हो. तीही."

"तीही," ते म्हणाले. आणखी एक फेरी झाली. "बाटली आणलीयस?"

"हो."

"उघड. वास सांग. मला यायचा नाही."

मी ओतली. रंग सुरेख, काळसर तांबडा. वरती मनुका, खजूर, काकवी, सगळं जागच्या जागी. आणि खाली, अगदी खाली, ओल्या पुठ्ठ्याचा वास. बुचातून कधीतरी हवा गेली होती. 'मस्त मुरलीय दादा,' हे शब्द जिभेवर तयार होते. पावलांचा आवाज थांबला होता. वर पाहिलं तर दादा कठड्याशी उभे होते, स्थिर.

"मनुका आहे, खजूर आहे. पण तळाला ओला पुठ्ठा आहे, दादा. हवा लागलीय. ही गेली."

"नक्की?"

"नक्की."

"मग झाड बघ."

नव्या घराला झाड कुठलं असणार. कुंपणाशी हातभर उंचीचं लिंबाचं रोप होतं. मी गवतातून तिथवर गेलो, ग्लास ओतला, मग बाटली, गाळासकट.

"सावकाश," दादा मागून म्हणाले. "फेस मुरू दे आधी."

मी वाकून फेस मुरायची वाट पाहत राहिलो. माझ्या पाठीमागे डेकवर त्यांची पावलं पुन्हा वाजायला लागली.