सोपानरावांचा पाला आणि निळी नळी

कंपनीच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून बसलं, की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधांना निदान एक्सपायरी असते! माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या सोपानरावांचे.

थेरगावचे सोपानराव आमच्या चिंचवडच्या फाउंड्रीत क्रेन चालवायचे. त्या काळी लघवी निळ्या औषधात उकळून साखर बघत. साखर नसली तर नळी निळी राहायची, फार असली तर विटकरी. यांची विटेला लाजवणारी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या घ्या, पथ्य पाळा. तीन महिन्यांत नळी निळी झाली नाही, तर क्रेन बंद!"

"खाली उतरून मी करू काय?" म्हणताना त्या धिप्पाड माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं.

*

कुणीतरी कारल्याचा रस सांगितला. आठवड्याने मी विचारलं, "जमतंय का?"

"जमतंय की! फकस्त वर गुळाचा खडा खाल्ल्याबिगर तोंडाचा कडूपणा जात न्हाई!"

*

मग बिवळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी. ओतकामासाठी लाकडी साचे बनवणाऱ्या रशीदभाईंनी पेला करून दिला. मापापेक्षा मोठा!

"सवयीनं वाढवून कापला. लोखंड थंड झाल्यावर आकसतं ना!"

"अहो, यात लोखंड नाही, पाणी ओतायचंय!" मी म्हणालो.

*

बाईंनाही कुतूहल. वही काढून म्हणाल्या, "चार-चार उपाय एकदम करता. गुण कशाचा ते कळणार कसं?"

"बाई, वजन उचलताना आमी चार साखळ्या लावतो. एक तुटली तर?"

"लावा. पण गोळी सोडू नका!"

*

तिसरी साखळी मेथीच्या दाण्यांची आणि चौथी म्हणजे बेडकीचा पाला, गुडमार. मीही चावून पाहिला. वर चमचाभर साखर टाकली, तर तोंडात वाळू! गोडाची चव तासभर गायब.

त्याच दिवशी रशीदभाईंनी नातवाचे पेढे वाटले. पाला चघळत आलेल्या सोपानरावांनी एक खाल्ला. "फसवलं राव तुम्हाला. निव्वळ खडू हाय!"

रशीदभाई तडक हलवायाशी भांडायला गेले.

*

तीन महिने झाले. सोपानराव बायकोला, सुलोचनावहिनींना, घेऊन आले. मी नळी उकळली. निळी होती, निळीच राहिली! सोपानराव माझा हात सोडेनात.

बाईंनी वही उघडली. "आता सांगा, गुण कशाचा?"

"बेडकीच्या पाल्याचा! रोज चहाच्या आधी पाच पानं."

"व्हय बाई, पाल्याचाच," वहिनी म्हणाल्या. "त्यो चावला की यांना गोड कळत न्हाई. दोन म्हैने झाले, म्या चहात साखर टाकलीच न्हाई!"