ईदचे कपडे आणि पाणचक्की

अम्मानच्या बालसंग्रहालयातली पाणचक्की सुतार शुक्रीने सहा महिने खपून बनवली होती, मुलांनी हाताने फिरवावी म्हणून. नाटकातलं काम सुटल्यावर मी तिथेच बाहुल्यांचे खेळ करायचो.

ईदच्या दुसऱ्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं आली, सगळी नव्या कोऱ्या कपड्यांत. "लांबून बघ, भिजशील," प्रत्येक आई बजावत होती. तक्रारी वाढल्या तशी व्यवस्थापकाने चक्कीभोवती दोरी बांधली.

शुक्रीचं डोकंच फिरलं. "साहेब, हात लावायचा नव्हता तर भिंतीवर फोटो टांगायचा होता."

"अबू हैथम," व्यवस्थापक त्याला मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाला, "दोरी सोडलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत."

त्याने दोरी कापली, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या झग्यासकट चक्कीखालच्या हौदात उतरला आणि चक्की जोरात फिरवली. पाणी सगळ्यांवर उडालं, आयांवरही.

"भिजलात ना? आता लावू द्या हात."

एका मुलीने आईकडे पाहिलं. "जा," आई दातओठ खात म्हणाली, "आता राहिलंय काय?"

मुलगी चक्कीला लटकली, मागून दहाबारा पोरं आली. शुक्री हत्यारांची पेटी उचलून निथळत निघाला. जन्मभर मी रंगमंचावर संतापाची सोंगं काढली, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघून मला त्यांची लाज वाटली.