निळ्या बर्फाचा मठ्ठा

मी वेल्ह्याच्या बाजूला आरोग्य केंद्रात नोकरी करते. हात धुवा, अन्न झाकून ठेवा, हे सांगत गावोगाव फिरायचं. लोक आदरानं ऐकतात, चहा पाजतात आणि माझी पाठ वळली की आपलं पूर्ववत सुरू करतात. नातेवाईक तर चहासुद्धा पाजत नाहीत.

गुंजवण्याला चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या दुपारी हळदीचं जेवण. मठ्ठ्याच्या पातेल्यात डोकावले, तर मठ्ठा आकाशी! भोरहून टेम्पोनं आणलेल्या बर्फाच्या लाद्या चक्क निळ्या होत्या. मासळीसारख्या मालाभोवती घालायचा, पोटात न घेण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालतात. सरकारनं एवढा विचार केला, पण माझ्या भावाचा केला नाही.

"ताई, पांढरा बर्फ समद्यांच्याच लग्नात असतो," तो म्हणाला. "म्या मुद्दाम निळा आणवला. सोयरे बघतच ऱ्हातील."

"सोयरे दवाखाना बघतील. ओतून टाक हे."

त्याचा चेहराच पडला. उष्टी हळद घेऊन आलेले सोयरे मांडवात बसलेले, आणि मी त्यांच्यापुढं त्याची शोभा करायला निघालेली. "चार माणसांत माजी इज्जत काढतीस व्हय?" म्हणत त्यानं दोन पेले घटाघट रिचवले, मिशी पुसली. "बघ, काय झालं मला?"

मी पदर खोचला आणि पातेलं लवंडलं. वहिनी रुसली. सोयऱ्यांना सांगितलं, मांजरानं तोंड घातलं. मांजराचं सगळ्यांना पटतं.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत भावानं कसंबसं रेटलं. मग उलट्या, जुलाब. जीपमध्ये घालून आमच्याच केंद्रात आणला. सलाईन मीच लावलं, आणि लावताना दोन शब्द सुनावलेही. त्याला त्याचं काही नव्हतं. "पाठवणीला मला उभं कर गं ताई," एवढंच म्हणत होता. "लेक जाताना बाप दिसाय पायजे." मांडवात तोवर जाहीर झालं होतं की बापाला लेकीचं जाणं सोसेना. बायका डोळे पुसत होत्या म्हणे.

सासरी निघालेली गाडी केंद्रापाशी थांबली. शालू सावरत पोरगी आत आली. खाट रिकामी.

"आत्या, आण्णा कुठं हायेत?"

मी व्हरांड्याच्या टोकाला, संडासाच्या दाराकडं बोट दाखवलं. सलाईनची बाटली हातात धरून तो नुकताच आत गेला होता. बाहेर हॉर्न वाजला. "आलो, आलो," आतून आवाज येई, पण त्याला काही येता येईना. मुहूर्त टळायला नको म्हणून नवरदेवाचा मामा दारात येऊन खाकरला. मला भावाचा संताप आला होता आणि रडूही.

शेवटी तिनं त्या बंद दारापुढंच वाकून नमस्कार केला. "येते, आण्णा."

आतून तो म्हणाला, "पानी उकळून पी गं, बाई."